गूज लेकचं एक मत

एमिलची बायको डोलोरस फेब्रुवारीत वारली, आणि जाताना गूज लेकचं मतदान केंद्रही सोबत घेऊन निघाली. हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दफन झालं, चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचेस खाऊन झाली, लोकांनी एमिलचा खांदा थोपटून थोपटून दुखवला, आणि मार्चमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणाहून कागद आला. मतदानाच्या टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं बसली पाहिजेत, असा नियम आहे. तुमच्याकडचा डेमोक्रॅट वारल्याचं समजलं. वाईट वाटलं. एक जूनच्या आत दुसरा डेमोक्रॅट द्या, नाहीतर केंद्र बंद. मे महिन्यातली, पक्षांचे उमेदवार ठरवायची प्राथमिक फेरी टपालानं भागवू, पण नोव्हेंबरात मत द्यायला एकेचाळीस मैल गाडी हाकावी लागेल.

आता डेमोक्रॅट आणायचा कुठून? नेब्रास्काच्या त्या वाळूच्या टेकड्यांत हरणं आहेत, साप आहेत, माणसागणिक चाळीस गुरं आहेत. डेमोक्रॅट तेवढा नाही. डोलोरसही काही जन्मजात नव्हती. पत्त्यांचा डाव हरली म्हणून झाली होती. चाळीस वर्षांपूर्वी असाच कागद आला, तेव्हा आठ बायका एमिलच्या स्वयंपाकघरात पत्ते घेऊन बसल्या. हरेल तिनं मतदार यादीत आपल्या नावापुढचा पक्ष बदलायचा. डोलोरसच्या हातात एक धड पान आलं नाही. तिनं सही केली आणि बाकीच्या सातजणी पोट धरून हसल्या. तेव्हापासून दर निवडणुकीला जुन्या शाळेतल्या त्या टेबलावर एका अंगाला रिपब्लिकनांची व्लास्टा, म्हणजे एमिलची थोरली बहीण, आणि दुसऱ्या अंगाला डेमोक्रॅटांची डोलोरस. दोघी विणकाम करत बसायच्या, आणि येणाऱ्याच्या गुडघेदुखीची चौकशी झाल्याशिवाय त्याला मतपत्रिका मिळत नसे.

पण खरी गंमत त्याच नोव्हेंबरात झाली. अध्यक्षपदाची मतं मोजली, तर एका बाजूला एकाहत्तर आणि दुसऱ्या बाजूला एक. झालं! डोलोरसला लागण झाली म्हणून एकच बोंब उठली. चर्चमध्ये, पशुखाद्याच्या दुकानात, केस कापायच्या खुर्चीत, जिथे तिथे तोच विषय. डोलोरस नुसती हसली. पुढे दर चार वर्षांनी तेच. म्हातारे मेले, पोरं शहरात गेली, एकाहत्तराचे पंचेचाळीस झाले, पण ते एक काही हललं नाही.

ते मत एमिलचं होतं.

हे जगात दोघांनाच ठाऊक. पहिल्या वेळी घरी येताना गाडीत डोलोरसनं विचारलं होतं, "एमिल, पडद्याआड अकरा मिनिटं काय करत होतास रे?"

"विचार."

"मग?"

"बहात्तर विरुद्ध शून्य, ही काय निवडणूक झाली? जन्मभर गुरं हाकतोय मी. सगळीच्या सगळी एका फाटकातून निमूट आत गेली, एकानंही मागे वळून पाहिलं नाही, की मला धडकी भरते. म्हटलं, एकानं तरी वळावं."

ती इतकी हसली, इतकी हसली, की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "कुणाला बोलू नकोस. तुझे वळू कुणी विकत घ्यायचं नाही. माझं नाव तसंही पडलंय, आणखी थोडं पडू दे."

आणि तिनं ते चाळीस वर्षं पडू दिलं. स्वतः कशी, तर हाडाची रिपब्लिकन. डेमोक्रॅटांचा एक उमेदवार तर तिला एवढा नकोसा होता, की त्याचं तोंड टीव्हीवर दिसलं रे दिसलं, की ती भांडी पुसायचा टॉवेल टीव्हीवर टाकायची. तो बिचारा टॉवेलाखालून बोलत राहायचा आणि ही बटाटे सोलत राहायची. घरात त्याचं नावच 'टॉवेलवाला' पडलं होतं.

एमिलच्या मनात तिच्याबद्दल एकच अढी होती, आणि ती तो तिला मधूनमधून ऐकवायचाही. टॉवेलवाला उभा होता त्याच वर्षी, मतदानाच्या दोन दिवस आधी, एमिलच्या छातीत कळ आली. हेलिकॉप्टरनं ओमाहाला नेलं, सोमवारी छाती उघडली, आणि मंगळवारी त्यानं डोळे उघडले तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी. बायको तीनशे मैल मागे गेली होती. "टेबलाला डेमोक्रॅट लागतो ना," म्हणाली नंतर. नवरा मरायला टेकलाय आणि हिला टेबलाची पडलीय! हे त्याला लागलं ते लागलंच. त्यावर ती कधी वाद घालत नसे.

तर, यंदाच्या मे महिन्यातला, वासरं डागायचा तो शनिवार. दोनशे अकरा वासरं दुपारपर्यंत डागून, टोचून, आणि त्यातल्या गोऱ्ह्यांना खच्ची, म्हणजे कायमचं शांत, करून झाली होती. शेजारी जेवून गेले. स्वयंपाकघरात उरले ते घरचे चौघं. व्लास्टा चुलीशी, वय एक्क्याऐंशी, गोऱ्ह्यांकडून सकाळी काढून घेतलेला ऐवज पिठात घोळवून तळत होती. ड्वेन, एमिलचा मुलगा, चौपन्न वर्षांचा. चारच दिवसांपूर्वी त्यानं जिल्हा कमिशनरपदाची प्राथमिक फेरी जिंकली होती आणि अजून तो जमिनीवर आला नव्हता. कॉरिन, धाकटी मुलगी, लिंकन शहरात शाळामास्तरीण आणि पक्की डेमोक्रॅट; पण तिचं नाव तिकडच्या यादीत, त्यामुळे इथे कामाची नाही. आणि टेबलाच्या टोकाला एमिल, एकोणऐंशीचा, पुढ्यात कॉफी.

व्लास्टानं केचपच्या बाटलीखालचा पक्षनोंदणीचा कोरा अर्ज ओढला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"सगळ्यांना विचारून झालं," ती म्हणाली. "शेजारचा बेन म्हणतो, बैल माग, देतो, पण नाव देणार नाही. त्याची बायको तर दारच उघडेना. आता तूच राहिलास."

"आत्या, भलतंच काय!" ड्वेननं काटा खाली ठेवला. "बाबा डेमोक्रॅट? मी उभा आहे नोव्हेंबरात!"

"तुझ्यासमोर कोण उभंय?" व्लास्टानं विचारलं.

"कुणीच नाही."

"मग हरशील कुणाकडून? कुंपणाकडून?"

"प्रश्न हरण्याचा नाही, आत्या. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, शेवटी खरं बोलला," कॉरिन म्हणाली. "बाबा मनानं आमचेच आहेत. पहिल्यापासून."

"तुमचे? त्यांच्या गाडीत दोन बंदुका आहेत!"

"आणि स्वयंपाकघरात म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचं, मेडिकेअरचं कार्ड आहे. त्याला कुणी हात लावून दाखवावा."

एमिलला वाटलं, आपण लिलावात उभे आहोत आणि दोघं आपले दात बघतायत. त्यानं कोलाच्यांच्या, म्हणजे मध्ये फळांचा गर भरलेल्या गोड पावांच्या, ताटाकडे हात नेला, तर व्लास्टानं तो हात झटकला. तिला एक युक्ती सुचली होती, आणि व्लास्टाला युक्ती सुचली की घरातले शहाणे लोक बाहेर जायचे. आज कुणी शहाणं नव्हतं.

"आलुबुखाराचा कोलाचा म्हणजे रिपब्लिकन," ती म्हणाली. "जर्दाळूचा म्हणजे डेमोक्रॅट. तुम्ही विचारा, हा उत्तर देईल, मी याच्या बशीत ठेवते. एकदाचं कळू दे हा कोण आहे ते."

"बंदुका," ड्वेन ताबडतोब म्हणाला.

"माझ्या बंदुका माझ्या," एमिल म्हणाला. "वॉशिंग्टनहून कुणी मोजायला आला तर त्याला कॉफीसुद्धा देणार नाही."

आलुबुखारा बशीत पडला. ड्वेननं बहिणीकडे पाहिलं.

"पण," एमिल पुढे म्हणाला, "एका दमात तीस गोळ्या मारायचं ते यंत्र लागतं कशाला? तीस गोळ्यांत ज्याला कोल्हा मारता येत नाही, त्यानं विणकाम शिकावं. आणि पंचवीस वर्षांच्या आतल्या पोराच्या हाती तर मी ट्रॅक्टरही देत नाही."

"हे काय झालं?" व्लास्टा कोलाचा हातात धरून उभी राहिली. "ठेवू कुठला?"

"जर्दाळू," कॉरिन म्हणाली.

"अर्धाच!" ड्वेन ओरडला. व्लास्टानं खरंच सुरीनं अर्धा कापला.

"सीमा," ड्वेन म्हणाला. "मेक्सिकोची. कुंपण हवं की नको?"

"हवं. ज्याला कुंपण नाही ते कुरण माझं कसं?"

"बघ!"

"पण फाटक कुठंय त्याला? फाटक नसलेलं कुंपण मी जन्मात पाहिलं नाही. आणि काय रे, मागच्या वर्षी बर्फात अडकलेल्या गाई कुणी काढल्या? बेनच्या त्या ग्वाटेमालाच्या दोघांनी. तू तर फ्लोरिडात उघडा पडला होतास. त्यांना उद्या कुणी न्यायला आलं, तर मी रस्त्यात गाडी आडवी लावीन."

"बेकायदा आलेत ते, बाबा!"

"माझे आजोबा तरी कुणाला विचारून आले होते? बोहेमियातून पळाले ते सैन्याला चुकवून. कुठल्या तोंडानं बोलतोस?"

टेबलाखाली ड्वेनचा बूट आपटत होता. कॉरिननं आता पुढचा प्रश्न जरा जपून विचारला. या घरात तो शब्द कुणी जेवणाच्या टेबलावर काढत नसे. "बाबा, गर्भपात."

व्लास्टानं कढईवर झाकण ठेवलं. जणू त्या ऐवजानं ऐकू नये.

एमिलनं कॉफीचा घोट घेतला. "मला नाही आवडत," तो म्हणाला. "खरंच नाही आवडत. डोलोरसचं दुसरं मूल पोटात गेलं तेव्हा आम्ही त्याला नाव ठेवलं होतं. त्यामुळे ते काहीच नसतं, असं मला कुणी सांगू नये, कॉरिन. तूसुद्धा नाही."

ड्वेननं स्वतःच आलुबुखारा उचलून बशीत ठेवला.

"थांब. ठेवायची घाई करू नकोस. पाचशे वेळा तरी माझा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत गेला असेल. गाय वाचवायची की वासरू, हे तिथे, त्या क्षणाला ठरवावं लागतं. तेव्हा टाय बांधलेला एखादा आमदार माझ्या पाठीमागे उभा राहून नियम वाचायला लागला असता, तर मी त्याला त्याच हातानं बाहेर काढला असता."

"ईऽऽ, बाबा!" कॉरिन म्हणाली, पण हसली.

मग करांवर गाडी आली. कर म्हणजे दरोडा, एमिल म्हणाला, आणि दुष्काळाच्या मदतीचा सरकारी चेक मात्र यंदा तीन आठवडे उशिरा आला, हा कसला कारभार! यावर दोन्ही पोरं एकदम ओरडली आणि व्लास्टानं दोन्ही कोलाचे ठेवले. हवामान? "बदललंय. गवत सांगतं मला. पण ते मला विमानानं फिरणाऱ्या नटीनं सांगायची गरज नाही." पवनचक्क्या? पाणी काढणारी छान, वीज करणारी राक्षसीण. युद्ध? "ज्याला युद्ध हवं, त्यानं आधी स्वतःचा पोरगा द्यावा." फाशी? यावर तो म्हणाला, मला माहीत नाही, आणि माहीत नसण्याचा मला हक्क आहे.

तोवर बशीत साडेचार आलुबुखारे आणि साडेचार जर्दाळू झाले होते, आणि विचारात पडलेल्या एमिलनं त्यातला एक खाऊन टाकला.

"कुठला खाल्लास?" व्लास्टा किंचाळली.

"लक्ष नव्हतं."

"अरे देवा! चाळीस वर्षं मतं मोजतेय मी, असा मतदार बघितला नाही!"

कॉरिन हसून लोळायची बाकी होती. ड्वेनला मात्र हसू आलं नाही. त्यानं अर्ज उचलला आणि नीट घडी घालायला लागला.

"बाबा, पुरे झाली थट्टा. केंद्र बंद होऊ दे. जुनी शाळा ती, छप्पर गळतंय. आईपायी चाळीस वर्षं आपल्या घराला बोलणी खावी लागली. शाळेत मला डेमोक्रॅटिणीचा म्हणायचे. ठीक आहे, तिचं मत, तिची चूक, देव तिला शांती देवो. आता कुठं ते मिटलंय."

"त्या दिवशी हॉटेलात काय म्हणालास तू?" एमिलनं विचारलं.

"कधी?"

"जिंकलास तेव्हा. भाषण केलंस ते."

ड्वेनचे कान लाल झाले. तो म्हणाला होता, आईचं ते एक मत गेलं बिचारं, आता गूज लेक शंभर टक्के! लोकांनी टेबलं बडवली होती. एमिलच्या तोंडात तेव्हा ॲपल पायचा घास होता आणि तो त्याला गिळता आला नव्हता. तीन महिने झाले होते तिला मातीत जाऊन. आणि तिचा स्वतःचा मुलगा तिच्या नावावर टाळ्या घेत होता, आणि आपण गप्प. चार दिवस एमिल स्वतःवर थुंकत होता. वळू विकायचं वय गेलं, आता कसली भीती होती? पण इतक्या वर्षांची सवय, तोंड उघडेना. आता घडी घातलेला तो कागद ड्वेनच्या खिशाकडे निघालेला त्यानं पाहिला.

"ते मत तिचं नव्हतं," एमिल म्हणाला. "माझं होतं. पहिल्यापासून. दर वेळचं."



"मला माहीत होतं!" कॉरिननं टेबलावर हात मारला.

"तुला काही माहीत नव्हतं," ड्वेन म्हणाला. "बाबा, आईवर पांघरूण घालताय, कळतं मला. पण हे असं..."

"खोटं बोलतोय तो," व्लास्टा शांतपणे म्हणाली. हातातला झारा तिनं पुसला. "एमिल, थापा मारायच्या तर मोजणी केलेल्या बाईसमोर मारू नयेत. तुझी छाती फाडली ते साल आठव. रविवारी नेलं तुला, मंगळवारी मतदान. तू तिकडे नळ्या लावून पडला होतास. तुझ्या नावापुढे सही नाही, यादी मी स्वतः बघितलीय. आणि मतं किती होती? अठ्ठेचाळीस आणि एक. तो एक कागद या माझ्या हातात आला. मग ते कुणी टाकलं, तुझ्या भुतानं?"

"बघा!" ड्वेन म्हणाला.

एमिल तिच्याकडे बघत राहिला. त्या वर्षीचा आकडा त्यानं कधी ऐकलाच नव्हता. दोन महिन्यांनी घरी आला तेव्हा कुणाला त्याच्याशी राजकारण बोलायची परवानगी नव्हती.

"डोलोरस टेबलावर होती ना त्या दिवशी?" त्यानं विचारलं.

"टेबलावर कुठली? मी फोनवर सांगितलं होतं तिला, बाई, येऊ नकोस, शेजारच्या केंद्रातून एक डेमोक्रॅट मागवलाय एका खेपेपुरता उसना, तू नवऱ्यापाशी बस. तरी आली. गाडी दाराशी चालूच ठेवली होती. मत दिलं नि निघाली. म्हटलं, कॉफी तरी घे. नको म्हणाली, त्याला जाग यायच्या आत पोचायचंय."

पोचली नव्हती. अर्धा तास उशीर झाला होता. त्या अर्ध्या तासावरून एमिलनं तिला इतकी वर्षं ऐकवलं होतं.

शून्य आलं असतं, तर सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं असतं, या खेपेला कोण आलं नव्हतं बरं? न आलेला एकच होता.

"टॉवेलवाला," एमिल म्हणाला. "तिनं टॉवेलवाल्याला मत दिलं."

कॉरिनला आधी कळलं. तिनं दोन्ही हात तोंडावर नेले. ड्वेनला वेळ लागला. तो बापाकडून आत्याकडे, आत्याकडून बहिणीकडे बघत होता, आणि मग त्याच्या हातातली घडी आपोआप उलगडली. व्लास्टा झाऱ्यासकट खुर्चीवर बसली.

"सहाशे मैल," एमिल म्हणाला. "जाऊन येऊन सहाशे मैल. आणि मी तिला म्हणायचो, तुला टेबल जास्त." तो रडायला लागला. लपवलं नाही, तोंडही वळवलं नाही. डोलोरस जायच्या आधी तिची माफी मागायची राहून गेली, हे त्याला आता कुणी फेडून देणार नव्हतं.

मग ड्वेन म्हणाला, "बाबा, मी त्या दिवशी हॉटेलात..."

"बोललास ते बोललास. तुला काय ठाऊक होतं? पेन दे."

ड्वेननं खिशातून पेन काढलं. ते प्रचाराचं होतं, लाल, त्यावर सोनेरी अक्षरांत 'कमिशनरपदासाठी ड्वेन कुचेरा'. त्यानं ते परत खिशात टाकायचा विचार केला, पण बाप हात पसरून बसला होता. एमिलनं त्याच पेनानं डेमोक्रॅटच्या चौकोनात फुली मारली आणि खाली सही केली.

"पण नोव्हेंबरात मी मत तिच्या खऱ्या पक्षाला, रिपब्लिकनांना देणार," तो पेन परत देत म्हणाला. "कोणीही उभा असो. तिनं माझ्यासाठी नाक दाबून दिलं, एकदा मी तिच्यासाठी देईन."

"बाबा!" कॉरिन उसळली. "आत्ता तर तुम्ही डेमोक्रॅट झालात!"

"झालो ना. टेबलापुरता."

ड्वेन गालात हसला. व्लास्टा हसली नाही. ती उठून चुलीशी गेली, करपत आलेले तुकडे उलटले, आणि त्यांच्याकडे पाठ करूनच बोलली.

"मग शून्य येईल."

ड्वेननं पेन खिशात टाकलं.

"लोक म्हणतील, डोलोरस गेली आणि मत गेलं. म्हणजे तिचंच होतं." तिनं झारा कढईच्या काठावर आपटला. "ते काही चालायचं नाही."

तिघंही तिच्या पाठीकडे बघत होते. सहा दशकांत व्लास्टा कुचेराचं एकही मत इकडचं तिकडे झालं नव्हतं, हे साऱ्या जिल्ह्याला माहीत होतं.

"माझ्याकडे असं बघू नका," ती म्हणाली. "ताटं काढा, गार होतंय."